जावळीचे मोरे आणि आमच्या पेटींतील कागद

(वरंध येथें जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



भाताची कापणी अजून पुरी व्हावयाची असतां आपण एवढ्या संख्येनें येथें जमलां, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहों. आभाराचें लांबण न लावतां, आज बोलावयास कां उभे राहिलों तें आधीं सांगतों.

थोड्या दिवसांमागें याच गांवच्या पारावर दोन पोरांची बाचाबाची आमच्या कानीं आली. त्यांतला एक मोऱ्यांचा. दुसरा त्यास म्हणाला, "तुमचे पूर्वज महाराजांच्या उलट गेले. जयंतीच्या मिरवणुकींत तुम्ही पुढें कशाला नाचतां ?" मोऱ्यांचा पोरहि कांहीं कमी नव्हता. तो म्हणाला, "आमचे पूर्वज राजे होते, तेव्हां तुमचे आमच्या दारीं पाणी भरीत होते." हात वर झाले, वडीलधारी माणसें मधें पडलीं आणि तंटा तेवढ्यावर मिटला. परंतु आमच्या मनांतून तो गेला नाहीं. दोघेहि पोर इतिहास सांगत होते, आणि दोघांच्याहि घरीं इतिहासाचें एकहि पुस्तक नव्हतें. ज्यानें त्यानें कोठेंतरी ऐकलेलें उचलून दुसऱ्याच्या डोक्यांत घातलें.

तेव्हां मोऱ्यांचें घराणें कोणतें, तें वाढलें कसें व बुडालें कसें, आणि आम्हां नांगरधाऱ्यांस व हातोडा-वाकस चालविणारांस त्यापासून काय घ्यावयाचें, एवढेंच आज बोलावयाचें आहे. हें घराणें दूरदेशचें नाहीं. तें आपल्याच डोंगरांतलें आहे.

मोऱ्यांचा मुलूख

वरंध घाट चढूं लागलों म्हणजे कावळ्या किल्ल्याच्या खिंडींतून सडक भोराकडे जाते, हें आपणांस ठाऊकच आहे. तेथें उभें राहून दक्षिणेस पाहिलें म्हणजे एकामागें एक डोंगर लागतात. त्यांच्या पलीकडे महाबळेश्वराच्या पायथ्याशीं, कोयनेच्या खोऱ्यांत, जावळी आहे. महाबळेश्वरास उगम पावून पोलादपूर व महाडावरून समुद्राकडे जाणारी आपली सावित्री, तिला मिळणारे ओढे व नद्या, रायरीचा डोंगर आणि वर जावळीचें दाट रान, हा सारा टापू एके काळीं मोऱ्यांच्या हुकमतींत होता.

ग्रांट डफ नांवाच्या इंग्रज ग्रंथकारानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास छापला. त्यांत त्यानें असें दिलें आहे कीं, विजापूरच्या बादशहानें मोऱ्यांच्या मूळ पुरुषास बारा हजार पायदळ देऊन नीरा व वारणा या नद्यांमधला डोंगरी मुलूख काबीज करावयास पाठविलें. तें काम त्यानें तडीस नेलें तेव्हां त्यास चंद्रराव हा किताब व जावळीचा मुलूख मिळाला. चंद्रराव हें कोणा एका माणसाचें नांव नव्हे. जो गादीवर बसेल तो चंद्रराव. अशा सात-आठ पिढ्या नांदल्या.

आतां विचार करा, मोऱ्यांचें बळ होतें कशांत ? या डोंगरांत नाचणी, वरी आणि थोडकें भात. एवढ्या पिकावर मोठें राज्य उभें राहत नाहीं. खरें बळ घाटांत होतें. खालून मीठ आणि सुकी मासळी वर चढावयाची, वरून देशावरचें धान्य खालीं उतरावयाचें, आणि हें सारें बैलांच्या पाठीवरून किंवा माणसांच्या डोक्यावरून. ज्याच्या हातीं घाट त्याच्या हातीं जकात. पार घाट मोऱ्यांच्या दारांतूनच जात होता. त्यावर रान इतकें दाट कीं, बाहेरच्या फौजेची आंत शिरावयाची छाती होत नसे. विजापूरचा बादशहा लांब होता. त्यास खंडणी गेली म्हणजे झालें. डोंगरांत चंद्रराव हाच बादशहा.

आणखी एक गोष्ट. मोऱ्यांचें घर एक नव्हतें. भाऊबंदांनीं खोरीं वांटून घेतलीं होतीं. एक शाखा जोर खोऱ्यांत होती, एक शिवथरास. शिवथर म्हणजे हें आपल्या शेजारचेंच. तेथील घळ पाहावयास लांबलांबून माणसें येतात; परंतु मोऱ्यांच्या एका शाखेचें तें ठाणें होतें, ही गोष्ट आमच्याच पोरांस ठाऊक नसते. मंगळगड ऊर्फ कांगोरी आणि ढवळ्याचा चंद्रगड हे किल्लेहि मोऱ्यांनीं बांधले असें परंपरा सांगते. पाहुण्यांस आम्ही ते किल्ले बोटानें दाखवितों, आणि त्यांनीं पुढें कांहीं विचारिलें म्हणजे गप्प बसतों.

जावळी कशी गेली

१६४७-४८ च्या सुमारास गादीवरचा दौलतराव मोरे निपुत्रिक वारला. वारस कोण, हा प्रश्न आला. घरांतल्या बायांनीं शिवथरच्या शाखेंतला मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसविला. या कामीं शिवाजीराजांचें साह्य झालें. राजे त्या वेळीं अवघे अठरा वर्षांचे होते. मावळांत त्यांचें नुकतें बस्तान बसूं लागलें होतें. घाटाच्या तोंडावर आपल्या स्नेहांतला चंद्रराव असावा, हा त्यांचा हिशेब उघड आहे.

परंतु नव्या चंद्ररावास हें उपकाराचें ओझें मानवलें नाहीं. राजांच्या मुलखांतून पळालेल्यांस जावळींत आसरा मिळूं लागला. वाईच्या सुभ्यावर अफझलखान होता आणि जावळीवर त्याचाहि डोळा होता. राजांच्या बाजूनें पाहिलें तर जावळी हाती आल्याखेरीज दक्षिणेकडची वाट मोकळी नव्हती, कोंकणांत उतरण्याचीहि नव्हती. मोऱ्यांच्या बाजूनें पाहिलें तर पिढ्यान् पिढ्या आपण या डोंगराचे धनी, आणि काल पुढें आलेल्याचें आपण कां ऐकावें ? दोघांपैकीं एकासच तेथें राहतां येणार होतें.

जानेवारी १६५६ मध्यें राजांनीं जावळी घेतली. चंद्रराव निसटून रायरीच्या किल्ल्यावर गेला. राजांनीं रायरीस वेढा दिला आणि त्याच वर्षीं उन्हाळ्यांत तीहि घेतली. त्या वेढ्यांत राजांबरोबर कान्होजी जेधे, बांदल व सिळीमकर हे देशमुख आपापला मावळचा जमाव घेऊन होते. हैबतराव सिळीमकरानें मध्यस्थी केली आणि चंद्रराव किल्ल्याखालीं उतरला. पुढें विजापुराशीं संधान बांधल्यावरून त्यास देहान्त शासन झालें, असें इतिहासकार बहुतेक मानतात. घराण्यांतला प्रतापराव विजापुरास निसटला. मोऱ्यांचें राज्य संपलें.

त्यानंतर काय झालें तें आपणांस तोंडपाठ आहे. भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड उठला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजीं त्याच्याच पायथ्याशीं अफझलखान पडला. खानाच्या फौजेस गिळणारें तें रान मोऱ्यांचेंच रान होतें. रायरीचा रायगड झाला आणि ६ जून १६७४ रोजीं तेथें महाराजांस राज्याभिषेक झाला. जावळी गेली नसती तर प्रतापगड नव्हता, रायगडहि नव्हता.

दोन साधनें, दोन गोष्टी

आतां नीट लक्ष द्या, कारण आमच्या बोलण्याचा खरा गाभा येथें आहे.

वर सांगितलेली हकीकत सर्वत्र अशीच सांगत नाहींत. महाराजांच्या पदरचा कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या काळीं जिंजीस बखर लिहिली. त्यांत तो सांगतो कीं, महाराजांनीं रघुनाथ बल्लाळ सबनीस यास जावळीस पाठविलें आणि त्यानें एकांतांत बोलणें करतां करतां कट्यारीनें चंद्रराव व त्याचा भाऊ सूर्यराव यांस मारिलें. ग्रांट डफनेंहि हाच दग्याचा वृत्तांत धरला. शाळेच्या पुस्तकांत तोच गेला. शंभर वर्षें साऱ्या जगानें जावळीची गोष्ट म्हणजे दग्याची गोष्ट, असेंच वाचलें.

मग ती रायरीच्या वेढ्याची, सिळीमकराच्या मध्यस्थीची व चंद्रराव खालीं उतरल्याची हकीकत आली कोठून ? ती आली आपल्या घाटापलीकडून. वरंध घाट चढून भोराकडे गेलें म्हणजे रायरेश्वराच्या पायथ्याशीं कारी नांवाचें गांव आहे. कान्होजी जेध्यांचें तें गांव. त्या जेधे देशमुखांच्या घरीं एक जुनी शकावली होती. शकावली म्हणजे सालवार टिपण. अमुक शकांत, अमुक महिन्यांत, अमुक झालें, एवढेंच. त्यांत अलंकार नाहीं, भाषण नाहीं. घरच्यांनीं तें टिपण पिढ्यान् पिढ्या जपलें. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं तें छापून प्रसिद्ध केलें. छापणारा कोणत्या पक्षाचा, हा वाद येथें नको. कागद जपला कोणीं तें पाहा. तो मावळांतल्या एका शेतकरी देशमुखाच्या घरानें जपला.

त्या टिपणानें काय केलें ? महाराजांची जन्मतिथि पूर्वी १६२७ सालची धरीत असत. या शकावलींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० दिली होती. दुसऱ्या साधनांनीं ती पडताळली गेली आणि आज सरकारी जयंती त्याच तारखेस होते. आणि जावळीची गोष्ट, जी एका बैठकींतल्या दोन खुनांची म्हणून सांगत असत, ती महिनोन् महिने चाललेल्या मोहिमेची, वेढ्याची व तहाची गोष्ट आहे, हेंहि याच टिपणानें दाखविलें. पंडितांचे मोठमोठे ग्रंथ एका घरच्या टिपणापुढें दुरुस्त करावे लागले.

बखरींत सारें खोटेंच असतें, असें आमचें म्हणणें नाहीं. सभासदानें पुष्कळ मोलाचें सांगितलें आहे. परंतु एकाच तोंडचें ऐकून भावाच्या पोटांत सुरा खुपसूं नये, एवढें तरी आम्हांस समजावें.

फितूर कोण, राजा कोण ?

आतां त्या दोन पोरांच्या तंट्याचा न्याय करूं.

पहिला म्हणतो, मोरे फितूर. फितूर तो, जो ज्याचें मीठ खातो त्याच्याशीं बेइमान होतो. १६५६ सालीं चंद्रराव विजापूरचा सरदार होता. त्या काळीं प्रत्येक वतनदार आपापल्या खोऱ्याचा धनी असे. सगळ्यांचें मिळून एक राज्य ही कल्पना महाराजांच्या डोक्यांत होती. ती मोऱ्यांस उमगली नाहीं, हें खरें, आणि त्याचें प्रायश्चित्तहि त्यांस पुरेपूर मिळालें. पण न उमगणें निराळें आणि फितुरी निराळी. शिवाय मोऱ्यांच्या बाजूनें जावळींत लढलेला मुरारबाजी देशपांडे आपल्या महाड भागांतलाच. महाराजांनीं त्यास आपल्याकडे घेतलें आणि १६६५ सालीं पुरंदरावर दिलेरखानाशीं लढतां लढतां तो पडला. आज मुरारबाजीस कोणी फितूर म्हणतो काय ? मग जावळींत त्याच्या शेजारीं लढलेल्या मोऱ्याच्या पणतूच्या पणतूस तें नांव कां ?

दुसरा म्हणतो, आमचे पूर्वज राजे. असतील. पण आडनांव मोरे असलेला प्रत्येक जण चंद्ररावाचा वंशज नव्हे. गादीवर एकच बसे. बाकीचे मोरे नांगरच धरीत होते. आणि जे खरोखरच गादीवर होते त्यांच्या अमलांत कुणब्याच्या पदरांत काय पडत होतें, हेंहि विचारलें पाहिजे. वतनदार गांवोगांव वाडे-कोट बांधून रयतेवर जबरदस्ती करूं लागले होते, असें सभासद लिहितो. महाराजांनीं ते वाडे-कोट पाडविले, वतनदारांचे हक्क ठरवून दिले, जमिनी मोजविल्या आणि पिकाच्या पांच वांट्यांपैकीं तीन रयतेस व दोन सरकारास असा बंदोबस्त केला, असेंहि तोच सांगतो. जावळी पडली तेव्हां एक घराणें बुडालें, हें खरें. पण माजघरांत दाणा किती उरतो या हिशेबानें पाहिलें, तर नांगरधाऱ्यास त्या दिवशीं सुतक धरण्याचें कारण नव्हतें.

तात्पर्य, पहिल्यानें दुसऱ्यास हिणवावें असें कांहीं नाहीं, आणि दुसऱ्यानें पहिल्यास दारीं पाणी भरायला लावावें असेंहि कांहीं नाहीं.

जपानांतलें एक घराणें

कोणी म्हणेल, घराण्यांचे हे तंटे आमच्याच नशिबीं. तसें नाहीं. याच सुमाराचें जपानचें उदाहरण घ्या. तेथें सामुराई म्हणजे तलवारबहाद्दर घराणीं होतीं. काई नांवाच्या डोंगराळ प्रांतांत ताकेदा घराण्याचें राज्य होतें. त्यांतला शिंगेन हा मोठा पराक्रमी, पण गादी मिळविली ती स्वतःच्या बापास हांकलून देऊन. तो १५७३ सालीं वारला. त्याच्या मुलाच्या घोडदळास १५७५ सालीं नागाशिनोच्या लढाईंत नोबुनागाच्या बंदूकवाल्या पायदळानें झोडपलें, आणि १५८२ सालीं तो बायकामुलांसह डोंगरांत मरण पावला. जावळीच्या मोऱ्यांसारखेंच डोंगरचें घराणें, आणि तसाच शेवट.

पुढें काय झालें ? नोबुनागाच्या बाजूनें लढलेला तोकुगावा इएयासु यानें ताकेद्यांचे उरलेले शिपाई हुडकून आपल्या पदरीं घेतले. महाराजांनीं मुरारबाजीस घेतलें तसेंच हें. तोच इएयासु १६०३ सालीं साऱ्या जपानचा मुख्य झाला. शत्रूच्या घरची माणसें आपलीशीं करतो त्याचें राज्य टिकतें, एवढें येथेंहि दिसतें आणि तेथेंहि दिसतें.

पण आम्हांस सांगावयाचें आहे तें याच्या पुढचें. या दोघांच्या मधल्या काळांत हिदेयोशी नांवाचा पुरुष जपानांत सर्वसत्ताधीश झाला. हा साध्या खेडुताच्या पोटीं जन्मलेला. त्याचें घराणें नाहीं, वंशावळ नाहीं. कर्तबगारीवर तो वर चढला. आणि वर चढल्यावर त्यानें काय केलें ? १५८८ सालीं हुकूम काढून साऱ्या शेतकऱ्यांच्या तलवारी, भाले, बंदुका काढून घेतल्या. लोकांस सांगितलें कीं, हें लोखंड वितळवून बुद्धाच्या मोठ्या मूर्तीच्या कामास खिळे करावयाचे आहेत, त्यायोगें तुम्हांस पुण्य लागेल. १५९१ सालीं दुसरा हुकूम आला कीं, शेतकऱ्यानें शेतकरीच राहावें आणि शिपायानें शिपाईच. ज्या शिडीनें आपण चढला ती त्यानें वर ओढून घेतली. त्यानंतर पावणेतीनशें वर्षें तेथें जन्मावरून माणसाची जागा ठरली. साध्या शेतकऱ्यास आडनांवसुद्धां उघडपणें लावण्याची मोकळीक नव्हती. ती १८७० सालीं मिळाली, आणि १८७६ सालीं सामुराईंच्याहि कमरेची तलवार गेली.

महाराजांच्या राज्यांत नांगर व तलवार एकाच घरांत होतीं. उमरठचे तानाजी मालुसरे आपल्या पोलादपूरचे. १६७० सालीं ते कोंढाण्यावर पडले. त्यांच्याबरोबर कडा चढणारे मावळे हे शेतकरीच होते. जपानी शेतकऱ्यास आडनांव मिळावयास १८७० साल उजाडावें लागलें. तुमच्यापाशीं तें पिढ्यान् पिढ्या आहे, आणि तुम्ही तें एकमेकांस मारावयाच्या दगडासारखें वापरतां ! याला काय म्हणावें ?

नांगराची निशाणी

कोणी म्हणेल, "तुम्ही मोऱ्यांचें सांगतां, जेध्यांचें सांगतां. आम्ही सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार. आमचें नांव कोणत्या बखरींत आहे?" प्रश्न रास्त आहे. बखरी पोशिंद्यांच्या सांगण्यावरून लिहिल्या गेल्या. ज्यानें लिहविलें त्याचें नांव वर आलें. प्रतापगडाचा दगड कोणीं घडविला, त्याच्या टाकीस धार कोणीं लावली, रायगडावर धान्य कोणाच्या डोक्यावरून चढलें, हें बखरकारानें विचारलें नाहीं.

परंतु बखर हा एकच कागद नव्हे. गांवांत वतनाचा किंवा शिवेचा तंटा झाला म्हणजे गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. त्या महजरावर पाटलाबरोबर बलुतेदारांचीहि साक्ष असे. ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या हत्याराचें चित्र काढी. पाटील-कुणब्याची निशाणी नांगर. कारागिरांची ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हत्याराची. ती निशाणी हीच त्याची सही. असे कागद आजहि पुण्याच्या पेशवे दफ्तरांत व भारत इतिहास संशोधक मंडळांत आहेत, आणि पुष्कळ अजून घरोघरीं पडून आहेत. ज्या घरांत राजा झाला नाहीं त्या घराचाहि इतिहास आहे. तो सोनेरी शाईनें लिहिलेला नाहीं, इतकेंच.

याच खोऱ्यांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. त्या दिवशीं तेथें आलेल्यांत किताबवाला कोण होता ? तरी तो दिवस साऱ्या देशाच्या इतिहासांत गेला. घराण्याच्या अभिमानावांचूनहि इतिहास घडतो, याचा दाखला शोधावयास आम्हांस महाडाबाहेर जावें लागत नाहीं.

पेटी उघडा

आतां कामाचें बोलूं. नुसतें ऐकून घरीं गेलां तर आमचा आणि तुमचा दोघांचाहि वेळ फुकट गेला.

आपल्यांतील कितीएक घरीं माळ्यावर किंवा देव्हाऱ्यामागें एखादी पेटी आहे. तींत फडक्यांत बांधलेले मोडी कागद आहेत. आजोबांनीं सांगितलें, "हात लावूं नकां," म्हणून कोणीं हात लावला नाहीं, आणि वाळवीनें मात्र लावला. आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमच्या आजोबांच्या वेळीं एक सुशिक्षित गृहस्थ आले आणि कागद वाचून देतों म्हणून दोन रुमाल घेऊन गेले. पावती नाहीं, नक्कल नाहीं. ते कागद परत आले नाहींत. त्यांत काय होतें तें आज आम्हांस सांगतां येत नाहीं. त्या गृहस्थांस दोष देऊन काय उपयोग ? आम्हांस वाचतां येत नव्हतें आणि पावती मागावयाची लाज वाटली, ही चूक आमची.

दुसरें भय पाण्याचें. २२ जुलै २०२१ ची आठवण तुमच्या अंगावर आजहि कांटा आणील. महाड शहर पुरांत बुडालें आणि येथून जवळच तळिये गांवावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. माणसांपुढें कागदाची काय किंमत, हें आम्ही जाणतों. परंतु जे वांचले त्यांच्या मागेंपुढें घराचा, जमिनीचा, नात्याचा एकहि पुरावा राहिला नाहीं, हें दुःख त्यांनीं मागाहून भोगलें. डोंगर पुन्हां हलणार नाहीं अशी हमी कोण देईल ?

म्हणून आमचें सांगणें एवढें आहे. एक, येत्या अमावास्येच्या आंत घरची पेटी उघडा. कागद कोरड्या जागीं, स्वच्छ सुती फडक्यांत ठेवा. भिजलेला असेल तर सावलींत सुकवा. उन्हांत किंवा चुलीजवळ नको. चिकटपट्टी लावूं नका, प्लास्टिकांत चिकटवून बंद करूं नका. दोन, प्रत्येक कागदाचें दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्या. आज प्रत्येक घरीं एक तरी मोबाईल आहे. लग्नाचे शंभर फोटो निघतात, तेथें आजोबाच्या कागदाचे दोन निघोत. एक प्रत मुंबईस किंवा पुण्यास असलेल्या नातलगाकडे ठेवा, म्हणजे एक जागा बुडाली तरी दुसरी उरेल. तीन, मूळ कागद लेखी पावतीवांचून कोणाच्याहि हातीं देऊं नका, तो कितीहि मोठा असो. वाचावयाचें तर त्यानें तुमच्या ओसरीवर बसून वाचावें. आणि चार, सर्वांत महत्त्वाचें, दर गांवीं एक तरी मुलगा आणि एक तरी मुलगी मोडी शिकवा. सरकारच्या पुराभिलेख खात्याकडून मोडीचे वर्ग होतात. तें अक्षर कांहीं ब्रह्मविद्या नव्हे. शेणामातीच्या हातांस तें येतें.

कागद वाचल्यावर त्यांतून काय निघेल ? कदाचित् मोऱ्यांची सनद निघेल. कदाचित् सुताराच्या वाकसाची निशाणी निघेल. कदाचित् आमच्या पूर्वजानें भावाची जमीन बळकावली होती, असेंहि निघेल. तेंहि वाचलें पाहिजे. जें सोयीचें तेवढेंच बाहेर काढणार असाल, तर पेटी बंदच राहिलेली बरी.

शेवटीं त्या दोन पोरांविषयीं. आम्हीं दोघांसहि येथें बोलाविलें होतें आणि ते दोघेहि पुढें बसले आहेत, म्हणून त्यांचीं नांवें आम्ही घेत नाहीं. त्यांस आमची एक विनंती आहे. येत्या रविवारीं दोघांनीं मिळून शिवथरास जावें, तेथून मंगळगड चढावा आणि वर बसून भाकरी खावी. खालीं दिसेल तो मुलूख एके काळीं मोऱ्यांचा होता, मग महाराजांचा झाला, मग पेशव्यांचा, मग इंग्रजांचा. ज्यांनीं राज्य केलें ते सारे गेले. नाचणी पेरणारा, फाळ शेवटणारा आणि मडकें घडविणारा मात्र तेथेंच राहिला. खालीं उतरल्यावर एकानें दुसऱ्याच्या घरीं जावें आणि तेथली पेटी दोघांनीं मिळून उघडावी.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.